टोपीशी काडीमोड

अहिराणी मी एका गोऱ्या बाईकडून शिकले. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात, आजी थापा मारते म्हणतात. मारते कधी कधी, पण ही थाप नाही.

लग्न होऊन मी कोकणातून शहाद्याला आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि तापट होते. तापट अजूनही आहे. आता त्या भागाला नंदुरबार जिल्हा म्हणतात; तेव्हा कोर्ट-कचेरीचा मोठा कारभार सगळा धुळ्याला चाले. आमचे हे नवे वकील. भाड्याच्या दोन खोल्यांतली पुढची खोली त्यांचं ऑफिस, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कायद्याची सात पुस्तकं. अशील तेवढे नव्हते. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजीत पहिली आलेली, पण गल्लीतल्या बायकांनी "काय करी ऱ्हायनी?", म्हणजे काय करतेयस, असं विचारलं की मला वाटायचं, मी कुठे राहते ते विचारतायत. मी आपली "इथेच" म्हणून सांगायची. बायका एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

पहिल्याच वर्षी आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे एक गोड पदार्थ आणि संपलं. खानदेशात मात्र तो लेकींचा सण. सासुरवाशिणीला न्यायला माहेरहून गाडी येते, नाहीतर भाऊ येतो. मग माहेरी झोके, गाणी, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. सणाच्या आदल्या दिवशीपर्यंत आमची सगळी गल्ली रिकामी झाली. मागे राहिले पुरुष, म्हाताऱ्या आणि मी. माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूला. नंदुरबारला गाडीत बसा, सुरत गाठा, मग मुंबई, मुंबईहून बोट. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "केस लागणार आहे, आत्ता कसं जाणार?" केस कुठली, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भर दुपारी मी उंबऱ्यात बसून रडत होते. रडत होते म्हणण्यापेक्षा राग राग करत होते, आणि त्यात थोडं पाणी येत होतं. समोरच्या घराचं दार उघडलं आणि तिथली मडम बाहेर आली. उंच, उन्हानं भाजून विटकरी झालेली, सुती लुगडं गुजराती पद्धतीनं नेसलेली, पायात पुरुषी वहाणा. माझ्याजवळ येऊन ती खुशाल उंबऱ्यावर बसली.

"तू माहेरले नही गयी का?" तिनं विचारलं.

"माझं माहेर फार लांब आहे," मी म्हणाले.

"मन्हं त्यान्हाबी पुढे शे," ती म्हणाली. "दर्याना पल्याड."

आणि अशी खळखळून हसली की मलाही हसू आलं. मग तिनं तिच्या घरातून चार आंबे आणले, आम्ही दोघींनी अंगणात बसून चोखून खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत तिनं मला 'आठे' म्हणजे इथे, 'तठे' म्हणजे तिथे, 'आते' म्हणजे आत्ता, 'मन्हं' म्हणजे माझं, 'शे' म्हणजे आहे, इतकं शिकवलं. ती माझी पहिली शाळा.

मडम शिकलेली सुईण होती. युरोपातल्या एका लहानशा देशातून आलेली. देशाचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या कोर्टाचा विषय येणार आहे. तिचा नवरा ऑईल इंजिनांचा जाणकार. तापीकाठच्या गूजर शेतकऱ्यांनी नदीचं पाणी केळीला आणि उसाला चढवायला पंप बसवले, ते बसवून द्यायला तो आला होता. त्याला इथला उन्हाळा सोसेना, धूळ सोसेना, तिखट सोसेना. सहा महिन्यांसाठी जाऊन येतो म्हणून जो गेला तो परत फिरकला नाही. हिला मात्र इथलं सगळंच आवडलेलं. ती एका धर्मादाय दवाखान्यात लागली आणि सायकलवरून प्रकाशा, म्हसावद अशी बाळंतपणं करत फिरू लागली. शेवभाजी तर ती माझ्याहून झणझणीत करायची.

माझ्या पहिल्या आखाजीनंतर काही महिन्यांनी, म्हणजे तो गेल्याला तीन वर्षं झाल्यावर, नवऱ्याचं पत्र आलं, की इकडे दुसऱ्या बाईशी माझं जमलं आहे, आपण मोकळं होऊ. मडमला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. अडचण निराळीच होती. त्या काळी बायकोचं नाव नवऱ्याच्याच पासपोर्टात असे, आणि पासपोर्ट तर तो घेऊन गेलेला. परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या पोलिसांनी तिला सांगितलं, की येत्या आखाजीपर्यंत स्वतःचा पासपोर्ट दाखवा, नाहीतर देश सोडा. मुंबईच्या तिच्या वकिलातीनं कळवलं, की लग्न झालेल्या बाईला वेगळा पासपोर्ट नवऱ्याच्या संमतीशिवाय नाही. घटस्फोट झाला असेल तर लगेच. नवरा घटस्फोटाला राजी, पण पासपोर्टाच्या संमतीवर सही करायला तयार नव्हता. सही केली तर उद्या ही बायको म्हणून पोटगी मागेल, अशी त्याला धास्ती.

म्हणजे इथे राहायचं तर आखाजीच्या आत घटस्फोट हवा. नाहीतर तिला बोटीत बसवून देणार, आणि पुढे नवऱ्याच्या त्या देशात, जिथे तिचं आता कुणीच उरलेलं नव्हतं.

हा प्रश्न घेऊन ती आमच्या पुढच्या खोलीत आली आणि ह्यांची पहिली खरी अशील झाली. ह्यांनी इतक्या उत्साहानं पुस्तकं उघडली की सातही पुस्तकं टेबलावर मावेनात. शेवटी कळलं, की लग्न तिकडचं म्हणून मोडणारही तिकडचंच कोर्ट. तिकडे पत्र गेलं, तिकडून उत्तर आलं. मी ते वाचून दाखवलं. कोर्ट म्हणत होतं, नवऱ्याची हरकत नसेल तर प्रकरण लवकर निकालात निघेल. फक्त एक दाखला पाहिजे. त्यांच्या देशात काडीमोडीआधी गावच्या धर्मगुरूनं नवरा-बायकोत समेट घडवायचा प्रयत्न करायचा असतो, आणि तो फसला असं लिहून द्यायचं असतं. तुम्ही जिथे राहता तिथल्या, असं काम करणाऱ्या मान्य माणसानं तसं लिहून द्यावं.

"म्हणजे पंच," हे म्हणाले. "सोपं आहे. प्रकाशाच्या आबांची सही घेऊ."

सोपं! ह्यांना खानदेशात जन्म काढूनही आबा कळले नव्हते.

आबा म्हणजे प्रकाशाचे मुख्य पंच. तापीकाठचे मोठे शेतकरी, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. आसपासच्या दहा गावांतली नवरा-बायकोची भांडणं त्यांच्यापुढे येत आणि मिटत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही काडीमोड झाली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान. आलेली जोडपी हमरीतुमरीवर येऊन बसत आणि जाताना एका गाडीतून जात.

आम्ही तिघं बसनं प्रकाशाला गेलो. ह्यांनी कागद पुढे केला, त्यावर सगळं आधीच लिहिलेलं. आबांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"न बठता सही कशी करू?" ते म्हणाले. "खोटं व्हई ते. पंच बठाले पाहिजे. तीन सोमवार."

"पण आबा, नवरा तर समुद्रापलीकडे आहे," हे म्हणाले.

त्याचीही रीत होती. नवरा गावात नसला, सुरतेकडे गिरणीत वगैरे गेला असला, तर त्याचं पागोटं पाटावर ठेवून पंच बसत. पागोटं बसलं म्हणजे नवरा बसला. मडमच्या नवऱ्याचं पागोटं कुठलं असणार? पण त्याची उन्हाची टोपी, ती जाड, फुगीर, खाकी कापडाची साहेबी टोपी, तो विसरून गेला होता. मडम तिच्यात लसूण ठेवायची.

पहिल्या सोमवारी लसूण काढून, टोपी झटकून आम्ही प्रकाशाला नेली. नदीच्या घाटावर देवळाच्या ओट्यावर पाच पंच बसलेले. "टोपीले पाट मांडा," आबा म्हणाले. पाट मांडला, टोपी बसली. कुणीतरी टोपीपुढे पाण्याचा तांब्याही ठेवला. पाहुणा कसा का असेना, पाणी विचारलंच पाहिजे.

मग आणखी एक रीत निघाली. पंचापुढे बाई स्वतः बोलत नाही, तिच्या बाजूची बाई बोलते. आणि पागोट्याच्या बाजूनं पुरुष बोलतो. मडमच्या बाजूची बाई कोण? आबांनी माझ्याकडे बोट केलं. हीबी परदेशी, तीबी परदेशी, असा त्यांचा हिशेब. माझी हरकत नव्हती. तोंड चालवायला मी कधीच नाही म्हणत नाही. टोपीच्या बाजूनं मात्र कुणी पुढे येईना. मग आबांनी ह्यांना सांगितलं, तुम्ही बोला.

"अहो, मी तर बाईंचा वकील आहे!" हे कळवळून म्हणाले.

"वकील शेतस ना तुम्ही? मंग वकील तं कोन्हाबी बाजूनं बोलस," आबा म्हणाले, आणि पाचही पंचांनी माना डोलावल्या.

असे हे टोपीच्या डाव्या हाताला बसले आणि मी मडमच्या उजव्या हाताला. पहिल्या बैठकीत फार काही झालं नाही. मडम माझ्या कानात सांगायची, मी पंचांना सांगायची. सहा महिन्यांत येतो म्हणाला, आला नाही. पत्र वर्षातून एक. ह्यांनी टोपीतर्फे सांगितलं, की माझ्या पक्षकाराला उन्हाळा सोसत नव्हता.

"उन्हाया कोनले सोसस?" आबा टोपीवर कडाडले. "आम्हले सोसस का? म्हनीसन काय आम्ही बायको टाकी देतस?"

टोपी गप्प. हे मात्र दचकून मागे सरले. आबांनी टोपीची अशी कानउघाडणी केली की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत राहिल्या. मी आणि मडम परतीच्या बसमध्ये हसून हसून बेजार झालो. हे खिडकीबाहेर बघत होते. मांडीवर टोपी होती.

दुसऱ्या सोमवारी मात्र बैठक निराळीच निघाली. त्या दिवशी आबा रागावले नाहीत. त्यांनी मडमला विचारलं, त्याला खायला काय आवडायचं? लग्न कुठल्या ऋतूत झालं? घराला अंगण होतं का? मडम सांगू लागली. उकडलेल्या बटाट्यांवर लोणी आवडायचं. लग्न बर्फात झालं, आणि देवळातून निघताना तो घसरून पडला, तर सगळं वऱ्हाड हसलं. सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला. माझ्या कानात सांगायचं विसरून ती थेट आबांशीच बोलू लागली, आणि रीत मोडली तरी एकाही पंचानं अडवलं नाही. आबा मिशीवरून हात फिरवत ऐकत होते. मग हळूच म्हणाले, म्हातारपणी पाणी द्यायला आपलं माणूस लागतं, पोरी.

परतताना ती हसली नाही. बसमध्ये म्हणाली, "आबा गोड बोलस. माले वाटनं, जाई पडू तिकडे."

मी घाबरले. तिकडे जाऊन करणार काय होती? त्याच्या घरात दुसरी बाई आलेली. हा म्हातारा आपली तीस वर्षांची शान राखायला हिला गोड बोलून बोटीत बसवणार, असं मला दिसू लागलं. आणि खरं सांगायचं तर मला माझीही भीती वाटली. ती गेली तर त्या गल्लीत माझं कोण होतं? त्या आठवड्यात मी चुलीशी बसून तिसऱ्या सोमवारचं भाषण तयार केलं. भाकऱ्या करपल्या, पण भाषण चांगलं झालं.

तिसऱ्या सोमवारी घाटावर गर्दी होती. टोपीची कीर्ती पसरली होती. आबांनी विचारलं, "बाईनं काय म्हननं शे?" मडम माझ्या कानात दोन शब्द म्हणाली. ते काय होते ते मला आजही आठवत नाही, कारण मी ऐकलेच नाहीत. मी उभी राहिले आणि सुरू झाले.

"आबा, बाईचं म्हणणं असं, की परक्या मुलखात आणून टाकलं आणि एकदा तरी विचारलंत का, तुला करमतं का? तुला घरची आठवण येते का? इथली बोली कळत नाही, कुणी ओळखीचं नाही, आणि हे आपले दिवसभर पुस्तकात डोकं घालून!"

"माझ्या पक्षकाराला," हे म्हणाले, "कामाचा व्याप होता."

"कसला व्याप?"

"केस लागणार होती!"

"कुठली केस? कुणाची केस? टेबलावर पाल फिरते दिवसभर!"

"मग तुझ्यासाठी पाल मारत बसू का? आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे 'आमच्याकडे अशील नाहीत' म्हणून सांगतेस, ते? लोक काय म्हणत असतील?"

"सांगणारच! आखाजीला सगळी गल्ली माहेरी गेली आणि मी उंबऱ्यात बसले होते! तुम्ही एक शब्द विचारला नाहीत!"

"मला वाटलं, तू बोटीला घाबरतेस!"

"मी? कोकणातली बाई बोटीला घाबरते?"

तेव्हा कुठे मला ऐकू आलं, की बाकी सगळं गप्प झालंय. धुणंसुद्धा थांबलं होतं. पाचही पंच माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे बघत होते. टोपी पाटावर होती, पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"टोपीले बाजूले ठेवा," आबा म्हणाले.

आणि त्यांनी आमचा निवाडा सुरू केला! मी म्हणत होते, आबा, आम्ही भांडत नाही, आम्ही दुसऱ्यांतर्फे बोलतोय. हे म्हणत होते, कायद्याच्या दृष्टीनं हे योग्य नाही. आबांनी आम्हाला दोघांनाही हातानं खाली बसवलं. मला विचारलं, माहेरी किती दिवसांत गेली नाहीस? म्हटलं, दीड वर्ष. ह्यांना विचारलं, बायकोनं चारचौघांत अशिलांवरून बोललेलं मनाला लागतं का? हे खाली मान घालून म्हणाले, "लागतं." ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, लाजही वाटली, आणि मी तिथेच भरघाटावर रडले. या खेपेस पाणी खरं होतं. निवाडा असा झाला: पावसाळ्याच्या आत वकिलानं बायकोला कोकणात घेऊन जायचं, आणि बायकोनं अशिलांचा विषय घराबाहेर काढायचा नाही. दोघांनी एका तांब्यातलं पाणी प्यायचं. तो टोपीपुढचा तांब्या होता. आम्ही प्यायलो.

मडम तोवर हसून हसून डोळे पुसत होती. आबांनी तिच्याकडे बघितलं.

"तू असी भांडशी का त्यान्हासंगे?" त्यांनी टोपीकडे बोट करून विचारलं.

तिचं हसू थांबलं. तिनं टोपीकडे बघितलं. मग आपणच बोलली, माझ्या कानात न सांगता. "नही आबा. मन्हा मनमा त्यान्हासाठे भांडनबी नही ऱ्हायनं."

आबांनी मिशीवर हातही फिरवला नाही. मग शेजारच्या पंचांना म्हणाले, "जठे भांडन शे, तठे घर शे. भांडनच सरनं, तं मंग मी काय जोडू?"

त्यांनी ओट्याच्या फटीतून उगवलेल्या वाळक्या गवताची एक काडी उपटली. एक टोक मडमच्या हातात दिलं, दुसरं टोपीवर टेकवून स्वतः धरलं, आणि मधे मोडली. एवढासा आवाज झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा. आठवडाभर मी म्हाताऱ्याला मनातल्या मनात काय काय बोलले होते ते आठवून मी मान खाली घातली.

पण काम पुरं झालं नव्हतं. काडी मोडली की बाईच्या बापानं किंवा भावानं पुढे होऊन तिचा हात धरायचा आणि तिला माहेरी न्यायचं, ही रीत. हात धरणारा नसला तर काडीमोड अर्धीच राहते, कारण बाई अशी मधेच सोडून द्यायची नसते. पंच इकडेतिकडे बघू लागले. हिचा बाप कुठला आणायचा? ह्यांनी पुढे व्हायचं म्हटलं, तर हे पडले टोपीचे.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. मडमजवळ आले आणि तिचा हात धरला.

"मन्हा हाते मोडनं," ते म्हणाले. "आते मन्हं घर इन्हं माहेर."

मडमनं दुसऱ्या हातानं लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून घेतला. एरवी ती पदर कधी घेत नसे.

त्या दुपारी आम्ही आबांच्या घरी जेवलो आणि तिथेच दाखला लिहिला. पंचांनी अहिराणीत सांगितला, मी इंग्रजीत उतरवला. ह्यांचं म्हणणं, टोपीचा उल्लेख गाळू, परदेशी न्यायाधीश काय म्हणेल? आबा ऐकेनात. "टोपी बठेल व्हती, ते लिखा. खोटं लिखशात तं मी सही करत नही." शेवटी लिहिलं: नवऱ्याच्या वतीनं त्याची टोपी हजर होती, तिला तीन वेळा समज देण्यात आली, समेट झाला नाही. खाली पाच पंचांच्या सह्या, दोन अंगठे धरून. पाकीट टपालात टाकलं त्या दिवसापासून ह्यांना नीट झोप नव्हती. पहिलीच केस आणि साक्षीदार टोपी.

होळी झाली, पाडवा झाला, उत्तर नाही. मडम बाळंतपणं करत फिरत होती, पण तिच्या घरात एका कोपऱ्यात ट्रंक भरून ठेवलेली मी पाहिली होती. मी विचारलं नाही. ती संध्याकाळी माझ्याकडे भाकरी करायला यायची आणि दोघी मिळून पोस्टमनची वाट बघायचो.

रामनवमी उलटून गेल्यावर निकाल आला. लांबलचक पाकीट, लाल शिक्का. लग्न संपल्याचं कोर्टानं मान्य केलं होतं, आणि खाली न्यायाधीशानं लिहिलं होतं, की समेटाचा इतका मनापासून केलेला प्रयत्न या कोर्टापुढे पूर्वी आलेला नाही. हे वाक्य ह्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. नंतर आयुष्यभर ते पाठ म्हणत. मडम मुंबईला जाऊन स्वतःच्या नावाचा पासपोर्ट घेऊन आली, धुळ्याला पोलिसांचा शिक्का बसला, आणि आखाजीला तीन दिवस राहिले असताना तिनं ट्रंक रिकामी केली.

तिच्या जुन्या नवऱ्याचंही एक पत्र आलं. सगळं नीट झालं, आनंद आहे, तुझं भलं होवो, आणि माझी तिकडे राहिलेली टोपी चांगली होती, ती पाठवून देशील का? पण टोपी पाठवणं शक्य नव्हतं. ती आबांनी ठेवून घेतली होती. त्या साली सुरतेकडे गेलेला एक नवरा तीन महिने घरी आला नव्हता. त्याचं पागोटंही त्याच्याबरोबर गेलेलं. त्याच्या जागी पाटावर हीच टोपी बसली आणि तो नवरा आठ दिवसांत परत आला. साहेबाच्या टोपीपुढे आपलं नाव निघालं, याची त्याला म्हणे फार शरम वाटली. पुढे कैक वर्षं ती टोपी प्रकाशाच्या पंचात बसत होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी गल्ली पुन्हा रिकामी होऊ लागली. आमची कोकणाची तिकिटं आठवड्यानंतरची होती, तेव्हा मला तक्रार करायला जागा नव्हती. तरी जाणारी एकेक गाडी मी मोजलीच. दुपारी एक गाडी आमच्याच दारापुढे थांबली. बैलांच्या शिंगांना रंग, आत गादी अंथरलेली. गाडीतून आबा उतरले. सत्तरीचा माणूस लेकीला न्यायला उन्हातून स्वतः आला होता.

मडम समोरच्या घरातून धावत आली. तिची पिशवी सकाळपासून तयार होती, आणि तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ती गाडीत चढली. मी उंबऱ्यात उभी राहून हात हलवला. मला तिचा खरंच आनंद झाला होता.

आबा गाडीजवळ उभेच. चढेनात. माझ्याकडे बघत होते.

"तू कसानी वाट देखी ऱ्हायनी?" ते म्हणाले.

मला आता सगळं समजत होतं, तरी हे समजलं नाही. मी म्हटलं, "मी कुठे येऊ, आबा?"

"एकली पोरसाठे दोन बैल कसाले जुपू?"

मागून हे म्हणाले, "जा, अगं." नुसतं एवढंच. मी मागे वळून बघितलं तर माझी पिशवी त्यांच्या हातात होती, आणि तिच्यातून माझ्या लुगड्याचा काठ बाहेर लोंबत होता. कधी भरली कोण जाणे; आबांचा निरोप त्यांना आदल्या दिवशीच पोचला होता, हे मला नंतर कळलं. चुलीवर दूध ठेवलेलं होतं. ते तसंच सोडून मी पिशवी घेतली आणि गाडीत मडमच्या शेजारी जाऊन बसले.

त्या आखाजीला आमच्या गल्लीत एकही लेक मागे राहिली नाही. फक्त एक वकील राहिला, आणि त्याचं दूध उतू गेलं.